फुलीचा टाका : घरातला एक कोपरा आणि त्याचा इतिहास

लेखनाची आणि शिवणकामाची परिभाषा मराठीत किती ठिकाणी एकच आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. 'टीप' हा शब्द यंत्राच्या शिलाईलाही लागतो आणि पानाच्या तळाशी दिलेल्या खुलाशालाही. 'टाचण' हे कापड तात्पुरते जोडून ठेवण्याच्या 'टाचणे' या क्रियेतून आले, आणि आज अध्यापक व्याख्यानापूर्वी काढतात ते टाचणही तेच. 'सूत्र' म्हणजे दोरा, आणि सूत्र म्हणजे शास्त्रातले अल्पाक्षरी वचन. 'ग्रंथ' या शब्दाचा धातू बांधणे, गुंफणे या अर्थाचा आहे. 'कशिदा' हा फारसी शब्द मूळचा 'ओढलेला' या अर्थाचा. सुलेखनात अक्षराची जी रेघ लांबवतात तिलाही फारसी-अरबी लिपीच्या परिभाषेत कशिदाच म्हणतात. संत नामदेव शिंपी कुळातले. गुरुग्रंथसाहिबात त्यांची जी ६१ पदे समाविष्ट आहेत त्यांपैकी एका पदात मन हा गज, जीभ ही कात्री, सुई सोन्याची आणि दोरा रुप्याचा असे रूपक येते. एवढे सगळे असूनही मराठी वाङ्मयेतिहासात वा सामाजिक इतिहासात सुईला जागा मिळाली ती रूपकापुरती. सुई हातात धरून दुपारभर बसणारी बाई, तिची बसण्याची जागा, तिने केलेली वस्तू आणि त्या वस्तूवरचा नमुना यांचा इतिहास मात्र जवळजवळ लिहिलाच गेला नाही.

प्रस्तुत लेखात या मोठ्या विषयाचा एकच धागा हाती घेतला आहे : फुलीचा टाका, म्हणजे ज्याला घरोघरी 'क्रॉस-स्टिच' म्हणतात तो. पनवेलसारख्या गावातल्या जुन्या घरांत रुखवताच्या पेटीत, दिवाणखान्यातल्या चौकटीत किंवा शिवणयंत्राच्या आच्छादनावर हा टाका हमखास सापडतो. तो तेथे कसा आला आणि त्याने बाईला काय दिले, काय नाकारले, हा येथे विचारायचा प्रश्न आहे.

*

प्रथम टाक्याविषयी. दोन तिरप्या रेघा एकमेकींवरून गेल्या की फुली होते. कापडाचे उभेआडवे धागे मोजून या फुल्या चौकटीचौकटीने भरत जायच्या, एवढेच या कामाचे व्याकरण. कापडावर आधी काहीही रेखाटलेले नसते. नमुना चौकटीच्या कागदावर असतो आणि तो मोजून कापडावर उतरवायचा असतो. म्हणून यासाठी दोसुती, मॅटी किंवा आयडा यांसारखे ज्याच्या विणीतले चौकोन स्पष्ट दिसतात असे कापड लागते. सहा पदरी दोऱ्याचे दोन पदर सुटे करून सुईत ओवायचे. वरची तिरपी रेघ सर्व फुल्यांत एकाच दिशेने जायला हवी. ती एका ठिकाणी जरी उलटी गेली तरी कापडावर प्रकाश पडताच ती जागा वेगळी दिसते.

श्रमाचा हिशेब केला तर या कलेचे स्वरूप अधिक कळते. इंचाला चौदा चौकोन असलेल्या कापडावर तीस सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर उंच असे चित्र पूर्ण भरायचे म्हटले, तर सुमारे १६५ गुणिले २२०, म्हणजे ३६,३०० फुल्या होतात. मिनिटाला दहा फुल्यांचा वेग धरला तरी साठ तास लागतात. स्वयंपाकघर आवरल्यानंतर आणि संध्याकाळच्या चहापूर्वी दीड तास मिळतो असे मानले, तर हे चित्र चाळीस दुपारींचे आहे. दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या राजहंसाकडे वा गुलाबाच्या परडीकडे पाहताना त्या चाळीस दुपारी दिसत नाहीत.

धागे मोजून भरण्याची ही रीत आपल्याकडे परकी नव्हती. धारवाड, बेळगाव, विजापूर या पट्ट्यातली कसुती हे याचे सर्वांत परिणत उदाहरण. कसुतीत चार टाके मानतात : गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. यांपैकी मेंथी, म्हणजे मेथीच्या दाण्यासारखा दिसणारा टाका, हा फुलीचाच टाका आहे. कसुतीतही कापडावर आधी रेखाटन नसते. धागे मोजूनच गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, पोपट उभे करायचे असतात, आणि दोऱ्याला गाठ मारायची नसते. इरकली लुगड्यांबरोबर ही कसुती दक्षिण महाराष्ट्रातल्या मराठी घरांत सहज वावरत होती. मराठवाडा-विदर्भातल्या बंजारा स्त्रियांच्या भरतकामातही धागे मोजून घालायचे टाके आहेत. आणि ज्यांच्या हाती सुई नव्हती त्यांच्याही बोटांना ठिपक्यांची रांगोळी ठाऊक होती. उभ्याआडव्या ठिपक्यांच्या जाळीत आकृती बसवणे ही फुलीच्या टाक्यामागचीच बुद्धी आहे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात युरोपातून चौकटीचा कागद आला तेव्हा येथील बायकांना तो वाचायला फार वेळ लागला नसावा.

*

हा चौकटीचा कागद बर्लिनचा. १८०४ च्या सुमारास तेथील फिलिप्सन नावाच्या चित्रविक्रेत्याने चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले भरतकामाचे नमुने विक्रीस काढले. १८१० नंतर विटिश यांच्या दुकानाने तो व्यवसाय वाढवला. लोकरीच्या रंगीत धाग्यांनी जाळीदार कॅन्व्हासवर एक चौकोन, एक टाका या हिशेबाने चित्र उतरवण्याची ही पद्धत 'बर्लिन वूलवर्क' म्हणून इंग्लंड-अमेरिकेच्या मध्यमवर्गीय घरांत पसरली. तिच्यातली क्रांतिकारक गोष्ट ही, की चित्रकला न शिकलेल्या व्यक्तीलाही चित्र करता येऊ लागले. तिच्यातली शोचनीय गोष्टही तीच. चित्र कोणी तरी दुसऱ्याने आधीच करून ठेवलेले होते.

महाराष्ट्रात हे काम आले ते मुख्यतः मिशनच्या शाळांतून. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले. मुलींची त्यांची पहिली शाळा १८२४ ची. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फॅरार मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम केले. स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन १८२९ पासून १८३५ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबईत मुलींच्या शाळा चालवीत होत्या. वाचन, लेखन, धर्मशिक्षण आणि सुईकाम ही या शाळांची ठरलेली चौकट. सुईकामाचे तीन उपयोग होते. मुलींना शाळेत पाठवायला नाखूश असणाऱ्या पालकांना ते निरुपद्रवी वाटे. तयार वस्तूंच्या विक्रीतून थोडा पैसा येई. आणि मिशनच्या दृष्टीने शांत बसणे, स्वच्छता, टापटीप हे गुण त्यातून अंगी बाणत. सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे प्रशिक्षण अहमदनगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे झाले असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

येथे पनवेलचा संबंध भूगोलाच्या अंगाने येतो. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. तेव्हापासून आगगाडी सुरू होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी गलबताने वा आगबोटीने पनवेलच्या बंदराला उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. म्हणजे पुण्यातल्या मुलींच्या पहिल्या शाळा ज्या काळात निघाल्या त्या काळात पुस्तके, पाट्या, सुया, लोकर आणि त्या शिकवणाऱ्या बायका यांचा स्वाभाविक मार्ग पनवेलवरून जात होता. हे गाव तेव्हा व्यापारी पेठेचे होते. तेथे १८५२ मध्ये नगरपालिका आली. त्याआधी, १८४९ मध्ये, गावातल्या बेने इस्रायल समाजाने बेथ एल हे प्रार्थनामंदिर बांधले होते. कोकणातल्या या मराठीभाषक ज्यूंची मुलेमुली मिशनच्या शाळांत मोठ्या संख्येने शिकत. तोराच्या गुंडाळीचे वस्त्र आणि ती जेथे ठेवतात त्या कपाटापुढचा पडदा भरतकामाने सजवणे, मृत आप्ताच्या स्मरणार्थ असे वस्त्र अर्पण करणे, ही ज्यूंची सर्वत्र रूढ असलेली चाल. सुईने अक्षर लिहिण्याला धर्मकार्याची प्रतिष्ठा देणारी ही परंपरा कोकणच्या मातीत होती, हे आपल्या इतिहासलेखनात क्वचितच ध्यानात घेतले जाते.

*

सुई ही पाटी-पुस्तकाच्या सोबत आली खरी, पण लवकरच ती पाटी-पुस्तकाच्या विरुद्ध उभी केली गेली. १८८२ च्या हंटर आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिकांची आणि स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. आयोगाने मात्र मुलींच्या प्राथमिक शाळांसाठी निराळा, सोपा आणि गृहजीवनाशी जुळणारा अभ्यासक्रम असावा अशी शिफारस केली. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा सुरू झाली. रानडे, भांडारकर, वागळे आणि वेडरबर्न यांचा तिच्या स्थापनेत पुढाकार होता. या शाळेत मुलींना इंग्रजी, गणित, शास्त्र हे विषय मुलांप्रमाणे शिकवले जाऊ लागताच वाद पेटला. १८८६ मध्ये नारायण बापूजी कानिटकरांची 'तरुणी-शिक्षण-नाटिका' निघाली, तिचा रोख सुशिक्षित तरुणींच्या उपहासाचा होता. १८८७ मध्ये टिळकांनी 'मराठा' पत्रातून या अभ्यासक्रमावर कडाडून टीका केली. मुलींना मातृभाषा, नीतिधर्म, शिवणकाम, गृहकृत्ये यांचे शिक्षण पुरे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. याच सुमारास सुई ही स्त्रीशिक्षणाच्या मर्यादेची खूण झाली. बाईने किती शिकावे याचे उत्तर 'शिवण येण्याइतके' असे दिले जाऊ लागले.

या वादात सुधारकांची बाजूही एकसुरी नव्हती. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला होता. त्या पद्धतीत टोचलेल्या कागदावर दोरा ओवणे, चौकटीच्या कागदावर आकृती काढणे, कागदी पट्ट्या विणणे हे बालकाच्या बुद्धीचे व्यवसाय मानले जातात. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडले, ते पुढे पुण्यास गेले. दुष्काळानंतर केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तेथे शिवण होती, विणकाम होते, आणि छापखानाही होता. ज्या बायका कापड शिवत त्यांच्याच सहकारिणी खिळे जुळवीत. रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर या छापखान्यात बायकांच्या हातांनी जुळले. एकेक खिळा उचलून ओळ बांधणे आणि एकेक चौकोन मोजून फुली घालणे या दोन कामांत लागणारी चिकाटी एकच आहे; फरक एवढाच, की छापलेल्या पानाला वाचक मिळतो.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन स्थापन केले. तेथे परिचारिका आणि शिक्षिका यांच्या प्रशिक्षणाबरोबर शिवण-भरतकामाचे वर्ग सुरू झाले. आता सुईचा अर्थ पुन्हा बदलला. विधवेला दुसऱ्याच्या चुलीपुढे न बसता चार पैसे मिळवून देणारे ते साधन झाले. एकाच काळात, एकाच शहरात, एकाच सुईला तीन निरनिराळे हेतू चिकटले होते : मिशनला ती शिस्तीसाठी हवी होती, सनातन्यांना मर्यादेसाठी आणि सुधारकांना उपजीविकेसाठी. भरणाऱ्या बाईला ती कशासाठी हवी होती, हा चौथा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे दिसत नाही.

*

या चौथ्या प्रश्नाच्या उत्तराचा शोध घरातच घ्यावा लागतो, कारण ते कागदोपत्री नाही. इंग्रजी कादंबऱ्यांतल्या घरात शिवणाची खोली असते. मराठी घरात ती नव्हती. माजघर सर्वांचे, ओटी पुरुषांची, स्वयंपाकघर कामाचे. शिवणाला मिळाली ती जागा म्हणजे खिडकीखालची दोन हातांची चटई. जागेची निवड उजेड करीत असे. कोकणातल्या कौलारू घराच्या आतल्या अंधारात पांढऱ्या कापडावरचे चौकोन मोजता येत नाहीत, म्हणून पडवी किंवा रस्त्याकडची खिडकी. पावसाळ्यात सुया गंजतात, कापडाला ओल धरते, कच्च्या रंगाचा लाल दोरा पांढऱ्यात उतरतो. म्हणून पत्र्याचा डबा. डब्यात लड्या, सुया, कात्री, चौकटीचे कागद आणि मासिकांतून कापून ठेवलेले नमुने. घरातल्या बाईच्या स्वतःच्या म्हणता येतील अशा वस्तूंची यादी केली तर त्यात हा डबा येतो. तो दुसरे कोणी उघडत नसे.

शिवणयंत्र आल्यावर या कोपऱ्याला कायमचे रूप आले. सिंगरचे पेटंट १८५१ चे. शतकाच्या शेवटच्या दशकांत ही यंत्रे हिंदुस्थानात विकली जाऊ लागली. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग कंपनीने 'उषा' यंत्र काढले आणि ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. यंत्रांविषयी प्रतिकूल असणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झालेल्या एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट वाचावेत या प्रेमातून सिंगरने ते शोधले, असे त्यांचे म्हणणे. यंत्राच्या जन्माची ही कथा इतिहास म्हणून कितपत टिकेल हा भाग वेगळा. पण तिच्यात घरातल्या बाईचा वेळ ही वाचवण्याजोगी गोष्ट आहे हे मान्य केलेले आहे. त्या वाचलेल्या वेळात अनेकींनी जे केले त्याची खूण यंत्रावरच दिसते : झबली, परकर, उशांचे अभ्रे ही उपयुक्त शिवण यंत्राखालून झटपट निघे, आणि यंत्र झाकण्यासाठी जे आच्छादन असे ते मात्र महिनाभर खपून हाताने, फुलीच्या टाक्यात भरलेले. ज्याची गरज नाही ते सावकाश करणे हीच त्या कोपऱ्यातली चैन होती.

*

या कामाचे प्रदर्शन वर्षातून एकदा नव्हे, आयुष्यातून एकदा होई, ते रुखवतात. लग्नमंडपात वधूपक्षाच्या रुखवताच्या मेजावर लाडू-चिवड्याच्या शेजारी भरलेला टेबलक्लॉथ, क्रोशाचे रुमाल, काचेच्या नळ्यांचे तोरण, मोत्यांची महिरप आणि फुलीच्या टाक्यातले 'सुस्वागतम्' मांडलेले असे. वरपक्षाच्या बायका ते उचलून, उलटे करून पाहत. उलटी बाजू पाहणे महत्त्वाचे, कारण खरी परीक्षा तेथे. दोरे आडवेतिडवे ओढले असतील तर ती आळशी, उलटी बाजूही सुलट्यासारखी नेटकी असेल तर ती गुणी. मुलीचा स्वभाव कापडावरून वाचण्याची ही रीत एक प्रकारची समीक्षाच होती, आणि इतर अनेक समीक्षांप्रमाणे ती निर्दयही होती. रुखवतातले काम नेहमी वधूचेच असे असेही नाही. आई, मावशी, शेजारची हुशार मुलगी यांचे हात त्यात मिसळलेले असत. म्हणजे वाचन एका लेखिकेचे चालू असे आणि संहिता अनेकींची असे.

'सुस्वागतम्' या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. फुलीचा टाका रोमन मोठ्या अक्षरांना सोयीचा आहे. ती अक्षरे मुळात सरळ रेघांची. युरोपातल्या मुली 'सॅम्प्लर'वर मुळाक्षरे, अंक, शेवटी स्वतःचे नाव, वय आणि साल भरीत. अक्षरओळख आणि टाक्यांची ओळख एकत्र होई. देवनागरीत शिरोरेषा आणि काना चौकटीत चोख बसतात, पण ट, ठ, ढ यांची गोलाई, वेलांटीचा कमानदार झोक, ळ चे दोन वळसे यांचे चौकोनात पायऱ्यापायऱ्यांचे रूप होते. लहान आकारात ते अक्षर ओळखू येत नाही. म्हणून अक्षर मोठे करावे लागते, किंवा अर्धी फुली घालावी लागते, किंवा कडेने टिपेची रेघ ओढून वळण सुधारावे लागते. हे निर्णय बर्लिनच्या वा पॅरिसच्या नमुन्यात मिळणारे नव्हते. जिने पहिल्यांदा चौकटीच्या कागदावर 'श्री' बसवली, तिने देवनागरीचे एक नवे वळण घडवले. ठिपक्यांनी अक्षर दाखवण्याचा जो प्रश्न पुढे संगणकाच्या पडद्यासाठी देवनागरी टंक तयार करणाऱ्यांपुढे आला, तो या बायकांनी दुपारच्या उजेडात सोडवला होता. त्यांची नावे मुद्राक्षरांच्या इतिहासात नाहीत.

नावाचा हा मुद्दा साधा नाही. जुन्या मराठी दस्तऐवजांत निरक्षर व्यक्तीच्या सहीच्या जागी निशाणी असे : कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. फुलीच्या टाक्यात भरायला शिकलेल्या बाईला अक्षर येत होते, तरी तिच्या कापडावर नाव क्वचितच दिसते. असले तर पतीच्या नावाचे आद्याक्षर, किंवा 'स्वागत', 'शुभ विवाह', 'शुभ रात्री'. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध तिच्या नावानिशी छापला गेला, आणि म्हणूनच आज आपण तो वाचतो, शिकवतो. त्याच दशकात मिशनच्या शाळांत ज्या मुलींनी कापडे भरली त्यांतली एकही आपल्याला नावाने ठाऊक नाही. नाव राहणे न राहणे हे कर्तृत्वापेक्षा माध्यमावर अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

*

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. फुलीच्या टाक्यात निर्मिती कोठे आहे? नमुना छापील, रंगांचे क्रमांक ठरलेले, बाईने केली ती नक्कल. १७४६ पासून चालत आलेल्या मुलूझच्या डीएमसी कंपनीच्या आश्रयाने तेरेझ द दिलमाँ यांनी १८८६ मध्ये सुईकामाचा जो विश्वकोश काढला, तो अनेक भाषांत गेला आणि त्याने जगभरच्या बायकांच्या हातात तेच नमुने आणि तोच दोरा दिला. हे बाजारपेठेचे काम होते, यात शंका नाही.

परंतु नक्कल म्हणजे निर्मितीचा अभाव, हे समीकरण आपण वाङ्मयात तरी मानत नाही. पोथी उतरवणारा लेखकू पाठभेद निर्माण करतो. जात्यावरची ओवी प्रत्येक घरी थोडी बदलते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्यांची नोंद झाली, आणि आज त्या ओव्यांवर प्रबंध लिहिले जातात. ओवीला जे मिळाले ते कशिद्याला मिळाले नाही. कसुतीला किंवा बंजारा भरतकामाला लोककला म्हणून तरी मान आहे. मॅटीच्या कापडावरचा राजहंस ना लोककला, ना अभिजात कला. तो शहरी, मध्यमवर्गीय आणि काहीसा हास्यास्पद मानला गेला. तरी त्या राजहंसाचे पाठभेद पाहण्यासारखे आहेत. हिरव्या दोऱ्याची लडी संपली म्हणून अर्धे पान वेगळ्या छटेचे. परदेशी कुत्र्याच्या जागी मांजर. ट्यूलिपच्या परडीत जास्वंद. इंग्रजी घराच्या चित्रातल्या धुराड्याच्या जागी तुळशीवृंदावन. चौकटीच्या कागदावर खोडून केलेले हे फेरफार म्हणजे घरातल्या नमुनाकाराची सही आहे. ज्या बाईला गल्लीतल्या मुली 'आमच्यासाठी एक नमुना काढून द्या' म्हणून विचारायला येत, ती आजच्या भाषेत डिझायनर होती. तिला तो शब्द आणि त्याचा मोबदला मिळाला नाही.

रोझिका पार्कर यांच्या १९८४ च्या 'द सब्व्हर्सिव्ह स्टिच' या ग्रंथाचा मुख्य विचार येथे उपयोगी पडतो. भरतकामाने स्त्रीला स्त्रीत्वाच्या साच्यात घडवले, आणि त्याच भरतकामाने तिला त्या साच्याशी झगडण्याचे साधनही दिले. दोन्ही विधाने एकदम खरी आहेत. सुसान ग्लॅस्पेल यांच्या 'ट्रायफल्स' (१९१६) या एकांकिकेत खुनाचा शोध घेणाऱ्या पुरुषांना स्वयंपाकघरातल्या वस्तू क्षुल्लक वाटतात. गोधडीच्या तुकड्यावरची बिघडलेली शिवण वाचतात त्या दोन बायका, आणि त्यांनाच त्या घरात काय घडले ते कळते. रुखवताचे कापड उलटे करून पाहणारी आपल्याकडची विहीण हीच वाचनकला वापरत होती. तिने ती दोष काढण्यासाठी वापरली, एवढेच.

मात्र या कोपऱ्याचे गोडवे गाताना सावध राहायला हवे. ज्या घरांत दुपार मोकळी नव्हती, ज्या बायका शेतात वा गिरणीत होत्या, त्यांच्या वाट्याला हा डबा आला नाही. त्यांच्या वाट्याला गोधडी आली, आणि गोधडीचा टाका जुन्या लुगड्यांना धरून ठेवणारा असतो. शिवाय बाईच्या दारिद्र्यावर सुई हे उत्तर देण्याची सवय आपल्या सार्वजनिक जीवनाला अजून आहे. शिवणयंत्रांचे वाटप हा आजही स्त्रीकल्याणाचा सर्वांत सोपा समारंभ आहे. एकाच वस्तीत पन्नास यंत्रे वाटल्यावर ब्लाऊज शिवून घेणारे पन्नास घरचे ग्राहक कोठून येणार, हा प्रश्न समारंभात विचारला जात नाही.

*

अभ्यासक्रमाचा वाद मिटायला फार काळ लागला. १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेने हस्तव्यवसाय हा मुलगा-मुलगी दोघांच्याही शिक्षणाचा केंद्रबिंदू मानला. हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६४ मध्ये मुलामुलींच्या अभ्यासक्रमात लिंगावर आधारलेला भेद नसावा असे स्पष्ट सांगितले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. कागदावर अशा प्रकारे सुई सर्वांची झाली, पण कित्येक शाळांत 'मुलींना शिवण, मुलांना सुतारकाम' ही वाटणी बराच काळ टिकली. १८८७ चा वाद १९६४ मध्ये निकालात निघाला खरा. वर्गातल्या बाकांवर मात्र त्याचा निकाल उशिरा पोहोचला.

पनवेल २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. जुनी घरे पडून इमारती उभ्या राहतात तेव्हा माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. भांडी मोडीत जातात, पुस्तके रद्दीत जातात, आणि भरलेली कापडे बहुधा पुसण्याच्या फडक्यांत जातात. संग्रहालयांपैकी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या एखाद्या ठिकाणी घरगुती वस्त्रांना जागा आहे. पण चौकटीच्या कागदांना, अर्धवट सोडलेल्या कापडांना आणि दोऱ्यांच्या डब्यांना ती नाही. दुसरीकडे याच शहरातल्या सदनिकांत आज संगणकावर नमुना आखणाऱ्या आणि छायाचित्राचे चौकोन पाडणाऱ्या बायका असू शकतात. त्यांच्या कामावर त्यांचे नाव असेल. त्यांच्या आजीच्या कामावर ते नव्हते.

साहित्याच्या अध्यापकांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. संहिता, पाठभेद, अनामिक कर्तृत्व, वाचकवर्ग या संकल्पना शिकवताना विद्यार्थ्यांना घरातले एक भरलेले कापड आणायला सांगावे. कापड कोणते, इंचाला किती चौकोन, दोरा किती पदरी, अक्षरे आहेत का, ती कोणत्या वळणाची, नमुना कोठून आला असावा, त्यात काय बदलले, कोणी भरले, कधी भरले, कोणाच्या लग्नात मांडले, याची एका पानाची नोंद करावी. कापड उलटे करून मागची बाजूही लिहून घ्यावी. भरणारी हयात असेल तर तिचे नाव तिला विचारून वर लिहावे. एका वर्गातून अशी चाळीस पाने जमली तरी ज्या इतिहासाला आज एकही दफ्तर नाही त्याचे पहिले दफ्तर तयार होईल.